स्नीकर रीसेलची टिंगल करणारे व्हिडिओ: हशा मिळाला, पण गिऱ्हाईक कसं मिळवायचं?



कालच्या व्हिडिओत हा विषय घाईत आटपावा लागला. नंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, "सर, बुटांच्या रीसेलवर मजेदार रील करतोय. लोक हसतात, शेअर करतात, पण गल्ल्यात काही पडत नाही. चुकतंय कुठे?" म्हणून आज जरा सविस्तर बोलू. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी गृहपाठ आहे.

१. आधी धंदा समजून घ्या, मग टिंगल करा

रीसेलचं गणित सोपं आहे. कंपनी एखाद्या बुटाचे मोजकेच जोड बाजारात आणते. त्याला म्हणतात 'ड्रॉप'. ज्याला जोड मिळतो तो पायात घालत नाही. बॉक्ससकट, बिलासकट जपून ठेवतो आणि ज्याला मिळाला नाही त्याला चढ्या भावाने विकतो.

आपल्या लालबाग-परळच्या माणसाला यात नवीन काय आहे? थिएटरबाहेर 'दस का बीस' करणारा ब्लॅकवाला हेच करत होता. माल कमी, मागणी जास्त आणि मध्ये उभा एक हुशार माणूस. फरक एवढाच, की तिकीट शो सुरू झाला की रद्दी व्हायचं आणि बूट वर्षभर कपाटात पडून राहू शकतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

थोडा इतिहास पण बघा. १९८५ साली पहिला एअर जॉर्डन बाजारात आला, तेव्हा त्याची किंमत होती ६५ डॉलर. आज त्या वर्षीचा चांगल्या अवस्थेतला जोड हजारो डॉलरना जातो. २०१६ मध्ये अमेरिकेत स्टॉकएक्स सुरू झालं. तिथे शेअर बाजारासारखे बुटांचे भाव वर-खाली होताना दिसतात. आपल्याकडे वेदांत लांबा या तरुणाने पुण्यातून 'मेनस्ट्रीट' सुरू केलं ते आधी यूट्यूब चॅनेल म्हणून, आणि विक्री त्यानंतर आली. म्हणजे व्हिडिओतून धंदा उभा राहतो हे खरं आहे. पण त्या व्हिडिओचा आणि विकायच्या मालाचा एकमेकांशी थेट संबंध होता, हे विसरू नका.

या बाजाराचं दुसरं टोक पण मुंबईतच आहे. शुक्रवारी पहाटे, उजाडायच्या आधी, चोरबाजाराजवळच्या डेढ गल्लीत जुने, शिवून-चिकटवून चकाचक केलेले बूट विकले जातात. गिऱ्हाईक मोबाईलच्या उजेडात तळवा वाकवून बघतं आणि घासाघीस करून घेऊन जातं. एका बाजूला काचेच्या शोकेसमध्ये एसीत ठेवलेला बूट, दुसऱ्या बाजूला हे. तुमचा विनोद या दोन टोकांच्या मधल्या जागेत आहे.

२. हसू नेमकं कुठून येतं?

तीन जागा आहेत.

पहिली, न घालण्यासाठी घेतलेला बूट. आई विचारते, "घालायचा नाही तर आणलास कशाला? देव्हाऱ्यात ठेव मग." या वाक्यावर गिरगावातल्या चाळीपासून दादरच्या टॉवरपर्यंत सगळे हसतात, कारण आई सगळ्यांची तीच आहे.

दुसरी, भाषा. पोरगा सांगतो, "डेडस्टॉक आहे, काका." काका म्हणतात, "डेड आहे तर अर्ध्या किमतीत दे." धंद्यात डेड स्टॉक म्हणजे न खपलेला, अडकलेला माल. स्नीकरवाल्यांच्या भाषेत तोच शब्द कोऱ्या, न वापरलेल्या जोडासाठी कौतुकाने वापरतात. एकाच शब्दात तुम्हाला संपूर्ण सीन मिळाला.

तिसरी, भाव. २०२५ च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा आपल्याकडे विनोदांचा पाऊस पडला. कोल्हापुरीला २०१९ पासून जीआय मानांकन आहे आणि त्यात महाराष्ट्राचे चार व कर्नाटकाचे चार असे आठ जिल्हे येतात. शोमध्ये मात्र सुरुवातीला कोल्हापूरचं नावच नव्हतं. ओरड झाल्यावर कंपनीने प्रेरणा कुठली ते मान्य केलं, आणि डिसेंबरमध्ये इथल्या कारागिरांकडून २,००० जोड बनवून सुमारे ८०० युरोला विकण्याची योजना जाहीर झाली. त्या विनोदांमागे राग होता, म्हणून ते लोकांच्या लक्षात राहिले. नुसती नक्कल विसरली जाते. ज्यात काहीतरी खुपतंय, ती टिंगल टिकते.

३. लालबागच्या एका मुलाची गोष्ट

आमच्या बॅचमध्ये एक मुलगा होता. नाव सांगत नाही, तशी त्याचीच अट आहे. त्याने आईच्या भिशीचे पैसे घेऊन एका गाजलेल्या बुटाचे सहा जोड घेतले. ९,००० प्रमाणे ५४,००० रुपये. अंदाज होता, दोन महिन्यांत प्रत्येकी १६,००० ला जातील. पण कंपनीने तोच बूट पुन्हा बाजारात आणला. दुकानात सहज मिळणाऱ्या बुटाला जास्त पैसे कोण देणार? शेवटी पाच जोड ७,५०० ला गेले. हातात आले ३७,५०० आणि कपाटात एक जोड. आई काही बोलली नाही. "ती बोलली असती तर बरं झालं असतं," असं तो मला म्हणाला.

हे काही त्याच्या एकट्याचं नशीब नव्हतं. नाइकीच्या डंक लो 'पांडा' बुटाचं असंच झालं. २०२१ मध्ये तो आला तेव्हा रीसेलवाल्यांनी उड्या मारल्या, नंतर कंपनी पुन्हा पुन्हा माल आणत गेली आणि नफ्याची हवा निघून गेली. ज्या मालाचा पुरवठा तुमच्या हातात नाही, त्यावर उसन्या पैशाने सट्टा लावू नका. कालच्या व्हिडिओत हे मी तीनदा म्हटलं, इथे चौथ्यांदा सांगतो.

मग या पोराने व्हिडिओ सुरू केले. आधी इंग्रजी रीलची नक्कल केली. "ब्रो, कॉप ऑर ड्रॉप?" वगैरे. व्ह्यूज भरपूर आले, फोन एकही नाही. मग एके दिवशी त्याने तो उरलेला जोड चाळीच्या गॅलरीत ठेवला आणि स्वतःवरच व्हिडिओ केला. शेजारच्या काकू येतात, बुटाला हळद-कुंकू लावून जातात. तो जुन्या टूथब्रशने कुंकू काढत बसतो. शेवटी बूट पांढराशुभ्र होतो आणि काकू म्हणतात, "अरे, आमच्या बंड्याचे पण देशील का करून?"

या व्हिडिओला व्ह्यूज कमी आले, पण परळ, करी रोड, चिंचपोकळीतून लोकांनी विचारलं, "खरंच साफ करून देतोस का? किती घेतोस?" त्याने तीनशे रुपये दर ठेवला. साबण, ब्रश, लेस, पिशवी, येण्याजाण्याचा खर्च धरून जोडामागे सत्तरेक रुपये जात. पहिल्या महिन्यात ४१ जोड झाले. १२,३०० आले, २,८७० गेले, ९,४३० उरले. ते सगळे त्याने आईच्या हातात दिले. भिशीचं नुकसान अजून पूर्ण भरलं नव्हतं, पण आई त्या दिवशी बोलली, "माझ्या पण चपला घासून दे."

बघा, दोन्ही व्हिडिओ विनोदीच होते. दुसऱ्यात मात्र बघणाऱ्याची अडचण होती आणि ती सोडवणारं काम पण तिथेच, डोळ्यांसमोर दिसत होतं.

४. नुसत्या हशावर दुकान चालत नाही

मोठ्या कंपनीचं उदाहरण घ्या. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या 'पेलेस' या स्वस्त बुटांच्या कंपनीने लॉस एंजेलिस भागात 'पलेसी' नावाचं खोटं महागडं दुकान थाटलं. २० ते ४० डॉलरचे बूट आत मांडले आणि इन्फ्लुएन्सर मंडळींना बोलावलं. एकाने तर ६४० डॉलर मोजले! नंतर सगळ्यांचे पैसे परत दिले आणि या फजितीची जाहिरात केली. जगभर हशा झाला.

आणि पुढे? २०१९ च्या फेब्रुवारीत कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि अमेरिकेतली आपली दुकानं बंद करायला घेतली. कर्ज आणि घटती विक्री ही दुखणी जुनी होती, एका गाजलेल्या जाहिरातीने ती बरी होणार नव्हती. विनोद गिऱ्हाइकाला दारापर्यंत आणतो. आत माल, दर आणि हिशोब नीट नसेल तर ते तिथूनच परत जातं.

५. चाळीस सेकंदांचा साचा

- पहिली ३ सेकंदं: चित्र असं, की अंगठा थांबला पाहिजे. बुटाला हळद-कुंकू, हे चाललं.
- पुढची २० सेकंदं: एकच गैरसमज, दोनच माणसं. तिसरं पात्र आणू नका.
- पुढची १० सेकंदं: तुमचं काम दाखवा, सांगू नका. घाणेरडा बूट, मग स्वच्छ बूट.
- शेवटची ७ सेकंदं: ठिकाण आणि दर. "लालबाग, तीनशे रुपये." दर सांगायला लाजू नका.

६. टिंगल करताना हे सांभाळा

खऱ्या दुकानाचं किंवा माणसाचं नाव घेऊन "हा डुप्लिकेट माल विकतो" असं म्हणू नका. विनोद होता, असं म्हणून बदनामीच्या खटल्यातून सुटका होईलच असं नाही. टिंगल सवयीची करा, माणसाची नको.

'फर्स्ट कॉपी' विकायचा मोह आवरा. ट्रेडमार्क कायदा, १९९९ नुसार खोटा ब्रँड लावलेला माल विकणं गुन्हा आहे आणि सहा महिने ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे.

कुणी पैसे किंवा फुकट बूट देऊन व्हिडिओ करून घेतला, तर ती जाहिरात आहे हे स्पष्ट लिहा. आणि धंद्याच्या खात्यावर सिनेमाची गाणी सर्रास लावू नका. गॅलरीतला आवाज, कुकरची शिट्टी, फेरीवाल्याची हाक ही तुमचीच आहे आणि फुकट आहे.

गृहपाठ

वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात, तुमच्या धंद्यात लोक कशावर हसतात ते लिहा. दुसऱ्यात, त्याच गोष्टीचा त्यांना त्रास काय होतो. तिसऱ्यात, तो त्रास तुम्ही किती रुपयांत दूर करता. तिसरा रकाना कोरा राहिला, तर कॅमेरा सुरू करू नका. आधी तो भरा.

आणि हो, उधारीवर बूट घेऊन ठेवले असतील, तर आजच घरी खरा आकडा सांगा. तिथूनच सुरुवात करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, हिशोबाने करा!