तालाचे सोबती

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्याने रांजणगावचा महागणपती मागे टाकला, की शिरूर येण्यापूर्वी कारेगाव लागते. आज या परिसरात मोठी औद्योगिक वसाहत उभी आहे. तथापि आसपासच्या गावांतील यात्रा आणि मिरवणुका अजून ढोल-लेझमीवाचून साजऱ्या होत नाहीत. ढोलावर टिपरू पडले, की मुले आपोआप रांग धरतात. लेझमीच्या चकत्या एकदम खळखळतात, पावले एकदम उचलतात, आणि शंभर पायांचा जणू एकच पाय होतो.

अशी रांग पाहताना क्षणभर तिच्या कडेलाही दृष्टी टाकावी. तेथे ओट्यावर एखादा मुलगा बसलेला असतो. त्याचा एक पाय लहानपणच्या आजारात लुळा पडलेला असतो, किंवा त्याला ऐकू येत नसते. खेळणाऱ्यांच्या चपला सांभाळण्याचे काम त्याच्या वाट्याला आलेले असते. ते कोणी दुष्टपणाने दिलेले नसते. बिचाऱ्याला त्रास होऊ नये, एवढाच हेतू असतो. मात्र त्याचे बोट ओट्याच्या दगडावर ताल धरून चाललेले असते, आणि ते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

ताल कानांनी ऐकायचा, पायांनी नाचायचा आणि म्हणून तो धडधाकटांचाच, अशी आपली समजूत आहे. ही समजूत किती तोकडी आहे, हे महाराष्ट्रात एका माळरानावर दिसून आले.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा हे गाव आहे. तेथे बाबा आमटे यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना केली आणि 1951 मध्ये साधनाताईंसह गावाबाहेरच्या खडकाळ, झुडपांनी भरलेल्या जमिनीवर ते राहावयास गेले. बरोबर सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि गाठीला 14 रुपये, एवढेच भांडवल होते. हेच पुढचे आनंदवन. कुष्ठरोगाला त्या काळी महारोग म्हणत, आणि नावाप्रमाणेच त्याची दहशतही महा होती. रोग्याला घर सोडावे लागे, गाव सोडावे लागे. आनंदवनातील रुग्णांनी आपल्या मोडक्या हातांनी विहिरी खोदल्या, भाजीपाला पिकविला. पण ती भाजी विकत घ्यावयास लोक धजत ना. पुढे देशोदेशींचे तरुण स्वयंसेवक श्रमदानासाठी तेथे येऊन राहिले. ते रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून राबले आणि तीच भाजी खाऊ लागले, तेव्हा कोठे गावकऱ्यांची भीड चेपू लागली.

ज्या हाताने पिकविलेली भाजी चालत नव्हती, तो हात हातात घेऊन फुगडी कोण खेळणार? नृत्याची खरी अडचण येथे होती. नाचायचे म्हणजे दुसऱ्याच्या जवळ उभे राहावे लागते, त्याचा हात धरावा लागतो, त्याच्या तोलावर आपला तोल सोपवावा लागतो. वैद्यकशास्त्राने ही भीती निराधार ठरवून पुष्कळ वर्षे लोटली आहेत. 1873 मध्ये नॉर्वेतील हॅन्सन या वैद्याने या रोगाचा जंतू शोधून काढला. पुढे 1981 मध्ये एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याची उपचारपद्धती जागतिक आरोग्य संघटनेने सुचविली आणि रोग पूर्णपणे बरा होऊ लागला. उपचार सुरू झाल्यावर रुग्णापासून इतरांना संसर्गाचे भय राहत नाही. पण जंतू मरतात तितक्या लवकर भीती मरत नाही.

आनंदवनात यथाकाल अंध मुलांची शाळा निघाली, कर्णबधिर मुलांची शाळा निघाली, हातापायांनी अधू असलेल्यांसाठी उद्योगशिक्षणाची सोय झाली. अशा या वसाहतीत बाबांचे ज्येष्ठ पुत्र डॉक्टर विकास आमटे यांनी 2002 मध्ये ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद उभा केला. अंध गायक आणि वादक, कर्णबधिर नर्तक, कुष्ठरोगातून बरे झालेली माणसे, कुबड्यांवर चालणारी माणसे आणि त्यांच्या साथीला धडधाकट सहकारी, असा हा मेळा आहे. पुण्यामुंबईच्या मोठमोठ्या नाट्यगृहांत त्याचे कार्यक्रम झाले, आणि ज्यांना कधी काळी गावाच्या वेशीतही थारा नव्हता, त्यांना पाहण्यासाठी लोक तिकीट काढून आले.

अशा मेळ्यात एक मोठा मौजेचा पेच असतो. गाणारा अंध आहे. त्याला नाचणाऱ्याचे पाय दिसत नाहीत. नाचणारा कर्णबधिर आहे. त्याला गाणाऱ्याचा सूर ऐकू येत नाही. दोघांनी एकाच समेवर यावयाचे कसे? यासाठी मध्ये दुवा लागतो. पाहू आणि ऐकू शकणारा एखादा सोबती नर्तकांना दिसेल अशा जागी उभा राहतो आणि हाताच्या खुणांनी मात्रा मोजून दाखवितो. कडव्याला आरंभ झाला, आता गिरकी, आता थांबा, हे सारे त्याच्या बोटांवर असते. परंतु गिरकी घेताना नर्तकाची पाठ त्याच्याकडे होते आणि तेवढ्या वेळात खूण दिसत नाही. तेव्हा ती मोजणी मनातल्या मनात चालू ठेवावी लागते. तालीम करून करून अंक अंगात भिनले, म्हणजेच हे साधते. याशिवाय शरीरही काही ऐकतच असते. ढोलाचा खोल ठोका छातीत जाणवतो. लाकडी मंचावर तो अनवाणी तळव्यांतून पोटरीपर्यंत चढतो. फरशीवर किंवा मातीत तो तितका चढत नाही, म्हणून कर्णबधिर नर्तकाला लाकडाची जमीन अधिक प्रिय. ओट्यावर ताल धरणाऱ्या त्या मुलाचे बोट कशाच्या आधारावर चालले होते, हे आता ध्यानात येईल.

मुंबईचे विख्यात नर्तक अस्ताद देबू यांनी हीच वाट आपल्या रीतीने चोखाळली. कथक आणि कथकली या दोहोंचे शिक्षण घेतलेल्या या कलावंताने प्रथम कलकत्त्याच्या आणि पुढे चेन्नईच्या कर्णबधिर मुलांना अनेक वर्षे नृत्य शिकविले. ते त्यांच्याकडून काही सोपे, गोंडस करवून घेत नसत. व्यावसायिक नर्तकाकडून जी शिस्त मागावी, तीच ते मागत. 2005 च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी कर्णबधिरांचे जागतिक क्रीडासामने भरले, तेव्हा तेथे त्यांनी आपल्या चेन्नईच्या शिष्यांसह नृत्य सादर केले. 2020 च्या डिसेंबरात देबू निवर्तले.

मुंबईच्याच सुधा चंद्रन यांची कथा पुष्कळांना ठाऊक असते. 1981 मध्ये बसच्या अपघातानंतर त्यांचा उजवा पाय कापावा लागला. जयपूरचे डॉक्टर सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडविलेला रबरी पाय लावून त्या पुन्हा उभ्या राहिल्या. हा पाय भारतीय राहणीला साजेसा आहे. तो लावून अनवाणी चालता येते, मांडी घालून बसता येते, उकिडवेही बसता येते. तरी नृत्य ही निराळी गोष्ट. ठेका धरताना जखम चिघळे, रक्त येई. अखेर 1984 च्या जानेवारीत मुंबईत त्यांनी पुन्हा रंगमंचावर पाऊल ठेवले. ही कथा थोर खरी. पण ती एकटीच्या जिद्दीची आहे. आनंदवनाची गोष्ट अनेकांनी मिळून नाचण्याची, आणि म्हणून अधिक अवघड आहे. इंग्लंडात 1991 मध्ये कँडोको नावाची नृत्यसंस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी सेलेस्ट डँडेकर या निष्णात नर्तिका. रंगमंचावरच पडून त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली होती. त्यांच्या संस्थेत चाकांच्या खुर्चीतील नर्तक आणि पायांवर उभे असलेले नर्तक एकत्र काम करू लागले. चाक जसे वेगाने, अखंड आणि आवाज न करता वळते, तसे पायाला वळता येत नाही. तेव्हा खुर्ची ही नर्तकाची उणीव, असे तरी कसे म्हणावे?

अशा कार्यक्रमांत प्रेक्षकांचे डोळे पाणावतात. त्यात वावगे काही नाही. परंतु नर्तकांना त्या अश्रूंचा थोडा संकोचच वाटत असावा. पाऊल चुकले तर ते चुकले असे म्हणणारा आणि साधले तर मोकळेपणाने टाळी देणारा प्रेक्षक कोणत्याही कलावंताला हवा असतो.

कुष्ठरोगातून बरा झालेला नर्तक नाचतो, तेव्हा आणखी एक गोष्ट घडत असते. ती प्रेक्षकांना दिसत नाही. रोग जातो, पण त्याने मारलेल्या नसा पुन्हा जिवंत होत नाहीत. तळव्यांना संवेदना नसते. खिळा रुतला, फोड आला, कातडे सोलले, तरी वेदना होत नाही. आणि वेदनाच नसल्याने जखम वाढत जाते. म्हणून अशा माणसाला रोज आपले तळवे नीट पाहावे लागतात. स्वतःला दिसत नसतील, तर आरशात पाहावे लागतात किंवा सोबत्याला दाखवावे लागतात. नृत्याच्या दिवशी तर हे विसरून मुळीच चालत नाही. पडदा पडतो, टाळ्या थांबतात, वाद्ये पेट्यांत जातात. मग आत कोणीतरी जमिनीवर बसून पाय पुढे करतो, आणि ज्याची बोटे शाबूत आहेत असा दुसरा कोणी ते मांडीवर घेऊन टाचेपासून अंगठ्यापर्यंत बोट फिरवीत पाहू लागतो.