वऱ्हाडातील शाळा आणि इयत्तावार शारीरिक शिक्षण

देशी व्यायामाच्या इतिहासात अमरावतीचे स्थान मानाचे आहे. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये येथे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले, त्या वेळी या मंडळाच्या पथकाने कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके परदेशी प्रेक्षकांसमोर सादर केली. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करण्याचे कार्यही मंडळाने पुढे हाती घेतले. असा वारसा लाभलेल्या अमरावती आणि शेजारच्या अकोला जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या शाळांत खेळाचा तास कसा घेतला जातो, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

पहिलीपासून सातवीपर्यंतची मुले एकाच पटांगणात, एकाच शिट्टीवर, एकच कवायत करीत आहेत, हे दृश्य आपल्या परिचयाचे आहे. प्रजासत्ताक दिनी ते शोभून दिसते. परंतु सहा वर्षांचे मूल आणि तेरा वर्षांचा मुलगा यांच्या शरीराची गरज एक नसते. ज्या शिक्षकाने पहिलीला आणि सातवीला एकच पाठ्यपुस्तक दिले, त्याला आपण काय म्हणू?

पहिली-दुसरीतील मूल थोडा वेळ जोराने धावते, दमते आणि लगेच ताजेतवाने होते. त्याला रांगेत पंधरा मिनिटे उभे करणे ही शिक्षाच होय. पकडापकडी, लंगडी, बेडूकउड्या, चेंडू फेकणे व झेलणे एवढे त्याला पुरेसे आहे. येथे हार-जीत मोजू नये.

तिसरी ते पाचवी हा काळ कौशल्ये अंगी बाणण्यास विशेष अनुकूल असतो. तोल, चपळाई, दिशा बदलणे या गोष्टी या वयात सहज जमतात. लगोरी, विटीदांडू, आट्यापाट्या हे आपल्याकडील खेळ नेमके हेच शिकवितात आणि त्यांना खर्चही नाही. सूर्यनमस्काराच्या बारा स्थिती याच वयात एकेक करून नीट शिकवाव्यात. संख्येची घाई करू नये.

खरी कसोटी सहावीपासून पुढे लागते. मुलींची वाढ मुलांच्या सुमारे दोन वर्षे आधी वेगाने सुरू होते. त्यामुळे सहावीतील मुलगी वर्गातील मुलांहून उंच असते, आणि नेमकी तीच मैदानातून बाजूला होते. कोणी तिला खेळू नको असे स्पष्ट सांगत नाही. गणवेश अडचणीचा असतो, शाळेत स्वच्छतागृह धड नसते, खो-खोच्या संघात मुलांचीच नावे आधी लिहिली जातात, आणि हळूहळू ती बाकावर बसू लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील दर शंभर मुलींपैकी सुमारे ५९ मुलींना रक्तक्षय आहे. तेव्हा एक फेरी धावून धाप लागणाऱ्या मुलीला आळशी ठरविण्यापूर्वी शिक्षकांनी तिची तपासणी आरोग्य केंद्रात झाली आहे काय, शाळेत मिळणारी लोहाची गोळी ती घेते काय, हे विचारावे. मेळघाटातील धारणी व चिखलदरा तालुक्यांत, जेथे कुपोषणाचा प्रश्न जुना आहे, तेथे मुलगे व मुली दोघांच्याही बाबतीत ही दक्षता आवश्यक आहे. उपाशीपोटी आलेल्या मुलाकडून सकाळी दंडबैठका काढून घेण्यात कोणतेही शिक्षण नाही.

नववी-दहावीत ताकद व दम वाढविणारा व्यायाम करावा. दंड, बैठका, दोरीवरील उड्या, लांब पल्ल्याची धाव, तसेच जाणकार शिक्षक असल्यास मल्लखांब, हे या वयास योग्य होत. जड वजने मात्र देखरेखीशिवाय उचलू देऊ नयेत. दुर्दैवाने याच इयत्तांत खेळाचा तास गणिताला दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटांच्या मध्यम ते जोमदार हालचालीची शिफारस केली आहे. परीक्षेचे वर्ष तीत वगळलेले नाही.

वऱ्हाडात वेळेचा विचार निराळाच करावा लागतो. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो आणि मार्चपासूनच दुपारचे मैदान तापू लागते. शरीराच्या मानाने लहान मुले लवकर तापतात व तहान लागल्याचे उशिरा सांगतात. म्हणून उन्हाळ्यात हा तास सकाळी पहिलाच ठेवावा आणि पाण्याचा माठ मैदानाच्या कडेला असावा, वर्गात नव्हे. पावसाळ्यात काळी माती पायाला चिकटते, उन्हाळ्यात तिला पाय अडकतील एवढ्या भेगा पडतात. तीवर मुरमाचा थर देऊन एका बाजूस किंचित उतार काढल्यास पाणी साचत नाही.

येथे ग्रामपंचायतीचे काम सुरू होते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असावे असे नमूद आहे, तसेच सहावी ते आठवीची पटसंख्या शंभराहून अधिक असल्यास आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. पंचायत सदस्यांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत या दोन बाबी विचाराव्यात. मैदानाची हद्द मोजून घ्यावी. कडबा, बैलगाड्या व शेणखताचे ढीग तेथे साठत असतील, तर पावसाळ्यापूर्वीच ते हलवावेत. लहान मुलामुलींच्या कबड्डीला ११ मीटर लांब व ८ मीटर रुंद एवढीच जागा लागते. दगड वेचून, माती भुसभुशीत करून फक्कीने रेषा आखल्या की ती तयार होते. एवढे काम गावातील चार तरुण एका सकाळी करू शकतात.