कळलं त्या दिवसाची तारीख

रेशनकार्डात माझं नाव चढवायचं होतं, म्हणून सासूबाईंनी कपाटाची किल्ली दिली. लग्नाला चार महिने झाले होते. कार्ड काही सापडलं नाही. साड्यांखालच्या पिशवीत घटस्फोटाच्या डिक्रीची झेरॉक्स सापडली. त्यावर नवऱ्याचं नाव आणि एका अनोळखी बाईचं. स्थळ आलं तेव्हा बायोडेटावर ‘प्रथम वर’ लिहिलेलं होतं.

तडक माहेरी आले. बैठक बसली. मामा म्हणाले, “झालं गेलं गंगेला मिळालं.” नवऱ्यानं माफी मागितली आणि पंधरा दिवसांनी आईनं ओटी भरून मला परत धाडलं. मीही मनापासून गेले, हे कबूल करते. दीड वर्ष नांदले. नाही जमलं.

वकीलबाईंनी आधी एवढंच विचारलं, “कळल्यावर परत नांदायला गेला होतात?” मी हो म्हटलं, जरा अभिमानानंच. त्यांनी पेन खाली ठेवलं.

हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम १२. महत्त्वाची गोष्ट लपवून लग्न लावलं असेल तर ते रद्द करून मागता येतं, पण फसवणूक उघड झाल्यापासून एका वर्षाच्या आत. आणि कळल्यानंतर राजीखुशीनं एकत्र राहिलात तर तो अर्ज टिकत नाही. माझी दोन्ही दारं बंद झाली होती. शेवटी संमतीनं घटस्फोट घेतला. त्यानं लपवलेला ‘घटस्फोटित’ हा शब्द आता माझ्या बायोडेटावर आहे.

पहिली बायको हयात असून घटस्फोटच झाला नसेल, तर गोष्ट वेगळी. कलम ११ प्रमाणे ते दुसरं लग्न मुळातच शून्य. तिथं वर्षाची अट नाही. अशा किंवा रद्द झालेल्या लग्नातली मुलं कायद्यानं औरसच ठरतात, तेव्हा त्या धाकानं गप्प बसू नका. ‘लग्नाला वर्ष झाल्याशिवाय कोर्टात जाता येत नाही’ असंही कुणी सांगेल. ती अट घटस्फोटाच्या अर्जाला आहे, लग्न रद्द करण्याच्या अर्जाला नाही.

कागद हाती लागला की आधी त्याचा फोटो काढा, तारीख लिहून ठेवा. बैठकीतल्या थोरांचा मान ठेवा, पण ओटी भरून घेण्याआधी वकील गाठा. फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.