व्यसनमुक्तीच्या सभेची वाट

ढोकीसारख्या गावी एखादा बंधु दारूपायी घर बुडवू लागला, म्हणजे आपण त्यास शपथ घालितो. शपथ मोडली, म्हणजे त्यास टाकितो. ह्या दोहोंनी तो बरा होत नाही. त्यास सोबत पाहिजे.

इ. स. १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन शहरी एक शेअर-दलाल व एक शस्त्रवैद्य, दोघेही मद्यपी, भेटले आणि परस्परांच्या आधाराने दारूपासून दूर राहिले. त्यांतून ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ ही संगत निघाली; १९५७ साली ती मुंबईस सुरू झाली. तेथे फी नाही, जातधर्म पाहत नाहीत, ओळख गुप्त राहते. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच अट. ‘फक्त आज पिणार नाही’ हा तेथील निश्चय होय.

सभा कशी शोधावी? १४४४६ ह्या सरकारी क्रमांकावर किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात विचारावे. ठिकाण, वार व वेळ पक्की करूनच धाराशिवची अथवा लातूरची गाडी धरावी. सभा ‘खुली’ असल्यास सोबत्यासही बसता येते. मात्र पुष्कळ वर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केल्यास झटके व भ्रम होऊन जीव धोक्यात येतो. म्हणून आधी डॉक्टरांस दाखवावे.

उपदेशकबंधूंनो, पुष्कळ जण लाजेने सभेच्या दारातूनच परततात. आपण दारापर्यंत बरोबर जावे, असे आम्हांस वाटते.

प्रश्न: ह्या आठवड्यात आपण कोणाबरोबर जाल?