विद्यापीठ बदलताना : आधी सिलॅबस, मग टीसी

वडिलांची बदली झाली, म्हणून बी.एस्सी.ची दोन वर्षं विदर्भात करून तिसऱ्या वर्षाला मी दुसऱ्या विद्यापीठाच्या कॉलेजात आले. एकही विषय राहिलेला नव्हता. कॉलेजने प्रवेश दिला, फी भरली, तासही सुरू झाले. परीक्षेचा फॉर्म भरायच्या वेळी कळलं, की विद्यापीठाच्या पात्रता विभागात माझं प्रकरण अडलंय. माझा प्रवेश तात्पुरता होता आणि तो कायम करणं कॉलेजच्या नव्हे, विद्यापीठाच्या हातात होतं.

अडचण मार्कांची नव्हती. तेव्हाच्या अभ्यासक्रमात विदर्भाकडे बी.एस्सी.चे तिन्ही विषय शेवटच्या वर्षापर्यंत सारखेच चालत. पुण्या-मुंबईकडे तिसऱ्या वर्षाला एकच विषय, तोही खोलात. त्यामुळे इथे दुसऱ्या वर्षी झालेला बराच भाग मी शिकलेच नव्हते. ते पेपर तिसऱ्या वर्षाबरोबर द्यावे लागले. ते सुटेपर्यंत निकाल राखून ठेवला गेला आणि त्या वर्षीचा एम.एस्सी.चा प्रवेश हुकला. हे दुसऱ्या कुणावर येऊ नये, असं मनापासून वाटतं.

म्हणून सांगते, सुरुवात सिलॅबसपासून करा. दोन्ही विद्यापीठांचे सिलॅबस पेपरनिहाय शेजारी ठेवा आणि नव्या कॉलेजच्या विभागप्रमुखांना दाखवा. कोणते पेपर समकक्ष धरले जातील आणि कोणते पुन्हा द्यावे लागतील, हे लेखी मागा. जुन्या सिलॅबसची कॉलेजच्या सही-शिक्क्याची प्रत जवळ ठेवा.

टीसी कॉलेज देतं, मायग्रेशन सर्टिफिकेट विद्यापीठ देतं. नव्या ठिकाणची जागा लेखी पक्की होण्याआधी टीसी काढू नका, नाहीतर परतीची वाट बंद होते. एटीकेटीचे नियम प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे असतात. विषय राहिला असेल तर तो जुन्याच ठिकाणी सोडवून मग निघणं बरं. शिष्यवृत्ती असेल तर महाडीबीटीवरच्या अर्जाचं पुढे काय करायचं, हेही दोन्ही कॉलेजांत विचारून घ्या.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली. तुमचे क्रेडिट तिथे जमा होतात आणि दुसरीकडे नेता येतात. पण जुन्या विद्यापीठाने ते भरले असतील तरच दिसतात, म्हणून निघण्याआधी आपलं खातं उघडून तपासा. शिवाय क्रेडिट जमा असले तरी पेपर समकक्ष आहेत की नाहीत, हा प्रश्न उरतोच. तो नवं विद्यापीठच सोडवतं.

बदल करायचाच असेल, तर पहिल्या वर्षानंतर करा. तेव्हा दोन अभ्यासक्रमांतलं अंतर कमी असतं आणि राहिलेला भाग भरून काढायला हाताशी वेळ असतो. शेवटच्या वर्षाच्या तोंडावर असाल आणि घरच्यांची अडचण नसेल, तर वसतिगृहात राहून पदवी तिथेच पूर्ण करा.