श्रद्धेचे समर्थन : युक्तिवाद आणि करुणा

तत्त्वज्ञानाच्या तासाला 'दुःखाची समस्या' हा भाग मी अनेक वर्षे शिकवीत आलो आहे. ईश्वर सर्वशक्तिमान आहे आणि दयाळूही आहे, तर मग जगात दुःख का, असा तो प्रश्न. दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, "सर, तुम्ही स्वतः ख्रिस्ती आहात. तुम्हाला तरी हे पटतं का?" मला आनंद झाला. असा प्रश्न अध्यापकाला हवाच असतो. मी फळ्यावर मुद्देसूद उत्तरे मांडली, संभाव्य आक्षेप खोडून काढले, आणि घंटा झाली. तो काही न बोलता वही मिटून निघून गेला. संध्याकाळी त्याच्या मित्राकडून कळले की, महिन्यापूर्वीच त्याची धाकटी बहीण तापाने गेली होती.

माझ्या युक्तिवादात चूक होती असे मला आजही वाटत नाही. तरीही त्या दिवशी त्या मुलाला माझ्याकडून उत्तर मिळाले नाही. धर्मश्रद्धेचे समर्थन म्हणजे नेमके काय आणि ते कसे करावे, याचा विचार मी तेव्हापासून नव्याने करू लागलो. तोच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. उदाहरणे ख्रिस्ती परंपरेतील घेतली आहेत, कारण ती मला अधिक परिचयाची आहेत. प्रश्न मात्र कोणत्याही धर्माच्या, किंबहुना कोणत्याही ठाम मताच्या माणसापुढचा आहे.

समर्थन म्हणजे काय?

'अपॉलॉजी' हा इंग्रजी शब्द ऐकला की आपल्याला माफी आठवते. ज्या ग्रीक शब्दापासून तो आला त्याचा अर्थ मात्र वेगळा आहे. 'आपोलोगिया' म्हणजे न्यायसभेपुढे आरोपीने आपल्या बाजूने केलेले निवेदन. अथेन्सच्या न्यायसभेपुढील सॉक्रेटिसचे भाषण प्लेटोने ज्या संवादात दिले आहे, त्याचे नाव हेच आहे. हाच शब्द नव्या करारातील पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात येतो. आपण आशा का बाळगतो याचे कारण विचारणाऱ्याला सांगण्याची तयारी हवी, मात्र सांगताना नम्रता आणि आदर सुटता कामा नये, असा तेथील उपदेशाचा आशय आहे.

या उपदेशात तीन गोष्टी गृहीत आहेत. पहिली, समोरच्याने काही विचारलेले आहे. म्हणजे आधी ऐकणे आले. दुसरी, कारण द्यायचे आहे; 'माझी श्रद्धा आहे, बस्स' एवढे पुरेसे नाही. तिसरी, ते देण्याची रीत. हे पत्र आशिया मायनरमधील छळ आणि निंदा सोसणाऱ्या लोकांसाठी लिहिलेले आहे, हेही विसरता येत नाही. छळ सोसणाऱ्याने नम्रतेने बोलावे, ही अपेक्षा सोपी नव्हती.

पूर्वपक्षाची परंपरा

इसवी सन १७८ च्या सुमारास सेल्सस नावाच्या ग्रीक विचारवंताने ख्रिस्ती मताविरुद्ध एक कडक ग्रंथ लिहिला. जवळजवळ ७० वर्षांनी ओरिगेन या ख्रिस्ती पंडिताने त्याला आठ भागांत उत्तर दिले. सेल्ससचा मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. तरीही त्याचा बराच मोठा भाग आपल्याला ठाऊक आहे, कारण ओरिगेनने त्याचा एकेक मुद्दा त्याच्याच शब्दांत उद्धृत करून मग उत्तर दिले. ओरिगेनची भाषा सर्वत्र सौम्य आहे असे नाही. पण प्रतिपक्षाचे म्हणणे वाचकापुढे ठेवण्याचा प्रामाणिकपणा त्याने दाखविला, म्हणूनच विरोधकाचा आवाज आजपर्यंत पोहोचला.

आपल्या दर्शनग्रंथांत याहून शिस्तबद्ध रीत आहे. आधी पूर्वपक्ष मांडायचा, मग त्याचे खंडन, आणि शेवटी सिद्धांत. चार्वाकमताची बरीचशी माहिती आपल्याला त्याच्या विरोधकांच्या ग्रंथांतूनच मिळते. जो पूर्वपक्ष दुबळा करून मांडतो, त्याचा सिद्धांतही दुबळाच राहतो.

महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात धर्मविषयक वाद खूप झाले. १८३१ साली मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा वाद झाला. दांडेकरांनी हिंदू धर्माच्या बाजूने पुस्तक लिहिले, आणि १८३२ मध्ये विल्सन यांनी त्याला उत्तर दिले. त्या उत्तराच्या शीर्षकातच हिंदू धर्म उघडा पाडण्याची भाषा होती. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांचे मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी वाद झाले. या वादांनी मराठी गद्याला धार दिली, विचारांना चालना दिली, हे मान्य करावेच लागेल. पण समोरच्याचे जे पवित्र ते हास्यास्पद ठरविण्यात दोन्ही बाजूंची पुष्कळ शक्ती खर्ची पडली. कोणाला हरविणे आणि कोणाला पटविणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

गोऱ्हे आणि रमाबाई

याच शतकातील नीलकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५-१८९५) यांचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. काशीत वाढलेले हे चित्पावन पंडित प्रथम ख्रिस्ती मताचे खंडन करण्यासाठीच पुढे आले. जॉन म्यूर यांच्या 'मतपरीक्षा' या संस्कृत ग्रंथाला त्यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून उत्तर दिले. पुढे १८४८ मध्ये ते स्वतः ख्रिस्ती झाले, आणि 'षड्दर्शनदर्पण' या हिंदी ग्रंथात त्यांनी सहा दर्शनांची चिकित्सा केली. त्यांचे निष्कर्ष सर्वांना मान्य होतील असे नाही. पण ज्या शास्त्रांवर ते टीका करीत होते, ती त्यांनी गुरूजवळ बसून अभ्यासली होती.

याच गोऱ्हे यांच्या युक्तिवादाचा परिणाम पंडिता रमाबाईंवर झाला, आणि तो त्यांनी कृतज्ञतेने नमूद केला आहे. मात्र रमाबाईंनी आणखी एक अनुभव सांगितला आहे. इंग्लंडमध्ये असताना त्या लंडनच्या फुलहॅम भागातील एका आश्रमात गेल्या. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची तेथील भगिनी मायेने सेवा करीत होत्या. हे लोक असे का वागतात, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा वाचून दाखविण्यात आली. गोऱ्हे यांच्या युक्तिवादाने त्यांच्या बुद्धीपुढची अडचण दूर केली. पण तो युक्तिवाद ज्या ईश्वराविषयी होता त्याचे वागणे कसे असते, हे त्यांना फुलहॅममध्ये दिसले. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही चर्चचे जे सिद्धांत पटले नाहीत, त्यांविषयी त्यांनी आपल्या मार्गदर्शक भगिनींशी पत्रांतून निर्भयपणे वाद घातला. करुणेने भारावून जाऊन त्यांनी बुद्धी गहाण टाकली नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. दुष्काळात दिलेले अन्न किंवा रुग्णालयात दिलेले औषध हे मतांतराचे आमिष असेल, तर तिला करुणा म्हणता येणार नाही. तो व्यवहार झाला. समोरच्याने आपले म्हणणे नाकारले तरी जी टिकते, तीच करुणा.

पुन्हा दुःखाचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आक्षेप असा : ज्याने अजून काही केलेच नाही अशा अर्भकाला दुःख का? कर्मसिद्धांत मानणारा पूर्वजन्माकडे बोट दाखवू शकतो. एकच जन्म मानणाऱ्या ख्रिस्ती माणसाजवळ काय उत्तर आहे? हा आक्षेप बळकट आहे. ख्रिस्ती होण्यापूर्वी गोऱ्हे यांनीही तो मांडला होता.

पहिले उत्तर इच्छास्वातंत्र्याचे. त्याची मुळे संत ऑगस्टीनच्या (३५४-४३०) विचारात आहेत, आणि १९७४ मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ आल्व्हिन प्लांटिंगा यांनी त्याला काटेकोर तार्किक रूप दिले. प्रेम करायला स्वातंत्र्य हवे, आणि स्वातंत्र्य म्हटले की त्याचा दुरुपयोगही शक्य झाला. यातून एवढेच सिद्ध होते की, ईश्वर आणि दुष्टता या दोहोंच्या अस्तित्वात तार्किक विसंगती नाही. तापाने गेलेल्या मुलीला ते सहज लागू पडत नाही, कारण ताप कोणाच्या दुष्टपणातून येत नाही.

दुसरे उत्तर जॉन हिक यांनी १९६६ मध्ये मांडले. जग हे सुखाचे घर नसून आत्म्याच्या जडणघडणीची जागा आहे. संकटाशिवाय धैर्य नाही, दुसऱ्याच्या दुःखाशिवाय दया नाही. हे बऱ्याच अंशी अनुभवाला पटते. पण जे मूल वाढण्याआधीच गेले, त्याची जडणघडण कधी झाली? हिक यांना त्यासाठी मरणोत्तर जीवनाचा आधार घ्यावा लागतो.

तिसरे उत्तर वधस्तंभाचे आहे. दुःख का, हे ते सांगत नाही. ईश्वर दुःखापासून दूर उभा राहिला नाही, तो त्यात उतरला, असे ते म्हणते. हा श्रद्धेचा भाग आहे, तर्काने सिद्ध केलेला नव्हे. समर्थकाने ही सीमारेषा लपवू नये.

ईयोबाचे मित्र

ही उत्तरे कोणाला आणि केव्हा द्यावीत, हे ठरवायला करुणा लागते. ईयोबाच्या पुस्तकातील तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहिले. त्यांच्या हातून झालेली ती सर्वांत चांगली गोष्ट होती. मग ते बोलू लागले, आणि दुःख हे पापाचेच फळ असे सिद्ध करीत सुटले. ग्रंथाच्या शेवटी ईश्वराचा कोप होतो तो देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे, देवाची बाजू घेणाऱ्या या मित्रांवर.

सी. एस. लुईस यांनी १९४० मध्ये दुःखाच्या समस्येवर तर्कशुद्ध पुस्तक लिहिले. १९६० मध्ये त्यांची पत्नी कर्करोगाने वारली. पुढच्या वर्षी त्यांनी टोपणनावाने दुसरे पुस्तक प्रसिद्ध केले, ते शोकाची टिपणवही आहे. त्यात ईश्वरावरचा राग आहे, शंका आहेत, आणि हळूहळू सावरणे आहे. विद्यार्थ्यांनी ही दोन्ही पुस्तके एकत्र वाचावीत असे मी सुचवीन. दुसऱ्याने पहिले खोटे ठरत नाही. पण पहिले कोणाच्या हाती केव्हा द्यावे, हे दुसरे वाचल्यावर कळते.

त्या प्रसंगानंतर मी त्या विद्यार्थ्याच्या खोलीवर गेलो. तर्काचा विषय मी काढला नाही. तो बहिणीविषयी बोलत राहिला. ती शाळेत कवायतीत पहिली येई, तिला आंब्याच्या फोडी मीठ लावून आवडत, असे कितीतरी. मी ऐकत होतो. परीक्षा झाल्यावर तो आपण होऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, आता ते तीन मुद्दे परत सांगा." मग आम्ही दोन तास वाद घातला. दुसऱ्या उत्तरातील त्रुटी, जी मी वर दिली आहे, ती त्याने दाखविलेली आहे.

माझे म्हणणे त्याला अजून पटलेले नाही. पण सुट्टीत गावाहून आला की तो माझ्याकडे येतो, आणि आमचा वाद पुढे चालू होतो.