परसातली पिल्ले आणि घरातली मुले

दिवाळी उलटली की आठवडे बाजारात आणि गल्लीबोळांत टोपल्या घेऊन पिल्ले विकणारे फिरू लागतात. गुलाबी, हिरवी, जांभळी अशी रंगवलेली पिल्ले पाहून मुले हट्ट धरतात आणि चार-सहा पिल्ले घरात येतात. ही रंगीत पिल्ले बहुधा अंडी देणाऱ्या जातींतील नर असतात. हॅचरीला त्यांचा उपयोग नसल्याने ती स्वस्तात जातात, तेव्हा त्यांच्याकडून पुढे अंड्यांची आशा धरू नये. मळ्यात आणि वस्तीवर गावरान कोंबड्या तर असतातच. शिवाय आता गिरिराज, वनराज यांसारख्या जातींची एकदिवशी पिल्ले आणणारे आणि हौसेने बदके पाळणारेही दिसतात.

कोंबड्या पाळू नका, असे मी सांगणार नाही. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम उत्तम प्रथिने मिळतात आणि ज्या घरात डाळ जपून वापरावी लागते तेथे परसातली चार अंडी मुलांच्या वाढीला मोठा हातभार लावतात. माझा आग्रह एवढाच, की पिल्लांचे बिऱ्हाड घराबाहेर असावे. आपल्याकडे नेमके उलटे होते. थंडी आहे, मांजर आहे, मुंगूस आहे म्हणून पिल्ले खोक्यात घालून स्वयंपाकघरात किंवा मुलांच्या अंथरुणाशेजारी ठेवली जातात.

या दिवसांत जुलाबाचे लहान मूल दवाखान्यात आले, की आईला मी एक प्रश्न हमखास विचारतो, "घरात पिल्ले आणलीत का?" पुष्कळ वेळा उत्तर "हो" असते. कोंबड्या व बदकांच्या आतड्यांत साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. पिल्लू टुणटुणीत असते, दाणे टिपत असते, तरी त्याच्या विष्ठेतून हे जंतू बाहेर पडत असतात. तेथून ते पिसांना, पायांना आणि पाण्याच्या भांड्याला लागतात. मूल पिल्लाला गालाशी धरते, त्याचा मुका घेते आणि मग तेच बोट तोंडात घालते. सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत केव्हाही ताप, पोटात कळ आणि जुलाब सुरू होतात. अमेरिकेतही घरी पाळलेल्या पिल्लांमुळे अशा साथी वरचेवर येतात. पाच वर्षांखालील मुलांच्या हाती पिल्ले देऊ नयेत, अशी सूचना तेथील आरोग्य खाते देते.

हे जंतू टायफॉईडच्या जंतूंचे भाऊबंद आहेत, पण टायफॉईड नव्हेत. टायफॉईडचा जंतू फक्त माणसात राहतो, तो कोंबडीकडून येत नाही. तेव्हा जुलाब झालेल्या मुलाची पहिल्याच दिवशी विडाल चाचणी करून घेण्यात अर्थ नसतो. बहुतेक मुले चार ते सात दिवसांत बरी होतात आणि त्यांना प्रतिजैविकांची गरज पडत नाही. गरज असते ती पाण्याची. जलसंजीवनीचे पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोटाघोटाने पाजत राहावे. चमचा चहाचा घ्यावा. सोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक द्यावे. अंगावरचे दूध बंद करू नये. मात्र शौचातून रक्त पडत असेल, डोळे खोल गेले असतील, सहा तास लघवी झाली नसेल किंवा बाळ तीन महिन्यांच्या आतले असेल, तर घरी वाट पाहू नका.

बदकाच्या अंड्याविषयी वेगळे सांगायला हवे. बदक ओल्या, घाण जागेतही अंडे घालते आणि कवचावरची घाण आत शिरू शकते. म्हणून हे अंडे अर्धकच्चे किंवा दुधात फेटून देण्याची पद्धत सोडावी. चांगले पंधरा मिनिटे उकडूनच खावे.

आता उबेकडे वळू, कारण येथे प्रश्न जिवाचा आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लाला सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती तीन अंशांनी कमी करत न्यायची. निफाड-सिन्नरची पौष महिन्यातली रात्र आपणांस ठाऊक आहे. मग वीज गेली की घमेल्यात निखारे किंवा कोळशाची शेगडी खोलीत येते, वारा लागू नये म्हणून दार-खिडक्या बंद होतात आणि त्याच खोलीत घरची माणसेही झोपतात. धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साईड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो आणि शरीर आतल्या आत गुदमरते. सुरुवातीला डोके दुखते, मळमळते, गरगरते. झोपलेल्या माणसाला तेवढेही कळत नाही. सकाळी घरातल्या दोघा-तिघांचे एकदमच डोके धरले असेल, तर ते अपचन किंवा सर्दी समजू नका. दारे उघडा, सर्वांना मोकळ्या हवेत आणा आणि ऑक्सिजनची सोय असेल त्या रुग्णालयात ताबडतोब न्या.

उबेसाठी जुना पिवळा, तारेचा बल्ब वापरावा. दर पिलामागे २ वॅट असा हिशेब धरावा, म्हणजे तीस पिलांना ६० वॅटचा एक बल्ब झाला. एलईडी दिव्याने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. बल्बपासून तूस पेटणार नाही इतके अंतर राखावे. पिल्ले दिव्याखाली एकमेकांवर चढू लागली तर ऊब कमी पडते आहे, कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकू लागली तर ती जास्त आहे. वीज गेल्यास गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून ठेवाव्यात. आणि सर्वांत उत्तम सोय म्हणजे खुडूक कोंबडी! ती बदकाची अंडीही उबवते. फक्त तिला २१ ऐवजी २८ दिवस बसावे लागते आणि पुढे लेकरे पाण्यात उतरली की बिचारी काठावरून ओरडत राहते.

बदकाला तळे लागतेच असे नाही. डोके आणि नाकपुड्या बुडतील एवढे भांडे पुरे. आपल्या पूर्व भागात टँकरचे पाणी हौदात साठवतात, त्या हौदात बदके कदापि सोडू नयेत. आईविना वाढवलेल्या लहान पिल्लांना पोहायला सोडले तर ती गारठून मरतात, कारण त्यांची पिसे अजून तेलकट झालेली नसतात. बदके तूस लगेच ओले करतात, तो रोज वरखाली करून कोरडा ठेवावा. ओल्या तुसावर बुरशी धरते. तिच्या धुळीने पिल्लांची छाती भरते आणि खुराडे झाडणाऱ्या दमेकऱ्याचीही. झाडताना नाकातोंडाला फडके बांधावे, आधी पाण्याचा हलका शिडकावा करावा. पावसात भिजून काळी पडलेली मका "कोंबड्यांना चालेल" म्हणून टाकू नये. त्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन यकृताला मारक असते आणि बदकाची पिल्ले तर त्याला फार लवकर बळी पडतात.

नुसत्या भरड्यावर वाढलेली बदकाची पिल्ले कधीकधी पायांत वाकतात. त्यांना नायसिन हे 'ब' गटातले जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त लागते. माणसाचेही असेच आहे. हैदराबादचे डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास दख्खनमध्ये प्रामुख्याने ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांतला पेलाग्रा अभ्यासला, तोही नायसिनशीच निगडित.

मानमोडीची लस (लासोटा) पहिल्याच आठवड्यात द्यावी. थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकतात. टाकणाऱ्याने हात धुतल्याशिवाय आपले डोळे चोळू नयेत, नाहीतर चार दिवस डोळे लाल होतात. देवीची लस पुढे द्यावी, वेळ पशुवैद्यकांना विचारावी. परंतु घरातल्या माणसांच्या उरलेल्या कॅप्सूल पाण्यात फोडून कोंबड्यांना पाजणे बंद करा. त्यामुळे औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात आणि तेच औषध पुढे आपल्या मुलाला लागू पडत नाही. याच भीतीने केंद्र सरकारने २०१९ मध्ये पशु-पक्ष्यांसाठी कोलिस्टिन या औषधावर बंदी घातली.

राहिला बर्ड फ्लू. भारतातली पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच उत्तर महाराष्ट्रात, नवापूरला आली. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. तेथे माणसांत लागण सिद्ध झाली नाही, पण २०२१ मध्ये हरियाणातला अकरा वर्षांचा एक मुलगा या रोगाने दगावला. हा विषाणू रानबदकांतून फिरतो आणि बदक पुष्कळदा आजारी न दिसता तो बाळगते. नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात परदेशी बदके उतरतात, ते पाणी आपल्यापासून दूर नाही. घाबरण्याचे कारण नाही, मात्र पाळीव बदके धरणाच्या फुगवट्यावर चरायला सोडू नयेत आणि कोंबड्या व बदके वेगवेगळ्या खुराड्यांत ठेवावीत. नीट शिजवलेल्या मांसात आणि अंड्यात, म्हणजे ७० अंशांच्या वर, हा विषाणू टिकत नाही. धोका असतो तो आजारी पक्षी हाताळण्यात आणि सोलण्यात. एक-दोन दिवसांत बऱ्याच कोंबड्या पटापट मेल्या तर "वाया जायला नको" म्हणून त्या शिजवू नका, नाल्यात फेकू नका, मुलांना जवळ जाऊ देऊ नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. आणि त्यानंतर दहा दिवसांत घरात कोणाला ताप, खोकला किंवा धाप लागली, तर डॉक्टरांना पहिले वाक्य हेच सांगा, की आमच्या कोंबड्या मेल्या होत्या.